पाटीवरची नावं

आमच्या इमारतीत शिरलं की डाव्या हाताला, जिन्याखाली, सागवानी चौकटीतली एक मोठी पाटी होती. वर काच, काचेला बोटाएवढं पितळी कुलूप, आत काळ्या रंगाच्या लाकडी पट्ट्या एकाखाली एक सरकवलेल्या आणि प्रत्येक पट्टीवर पांढऱ्या ऑइलपेंटने एकेका भाडोत्र्याचं नाव. १९७८ साली मी तिथे भाडेवसुलीचा कारकून म्हणून लागलो तेव्हा त्या कुलपाची किल्ली माझ्या जुडग्यात आली. पहिल्याच आठवड्यात मी पट्ट्या मोजल्या. ४७ भरल्या. २०१३ साली निवृत्त झालो त्या दिवशी त्याच भिंतीवर स्टीलच्या अक्षरांत चार नावं होती.

या ३५ वर्षांत इमारतीचं जे झालं त्याला जागांचे सल्लागार ‘रीपोझिशनिंग’ म्हणतात. आमचे शेठ म्हणायचे, ‘बिल्डिंग वर काढायची.’ वर काढायची म्हणजे जुनी कचेऱ्यांची इमारत अशी करायची की बँका, मोठ्या वकिली कंपन्या, परदेशी गुंतवणूकवाले तिच्यात येतील आणि आजच्या बाजाराचं भाडं देतील. मी ते सगळं एकाच खुर्चीतून पाहिलं. मुंबईच्या कोटाविषयी, म्हणजे फोर्टविषयी, पुष्कळ लिहिलं जातं, पण त्यात गव्हर्नर असतात, आर्किटेक्ट असतात, घुमट नि कमानी असतात. भाड्याच्या पावत्या नसतात. कोटाचा गेल्या पाऊणशे वर्षांचा इतिहास भाड्याच्या पावत्यांनी घडवला आहे, असं मी आतून पाहिल्यामुळे म्हणतो.

‘कोट’ हा शब्द माझ्या आईचा. माझं ऑफिस हॉर्निमन सर्कलच्या मागच्या गल्लीत होतं, पण आई शेवटपर्यंत ‘मुलगा कोटात कामाला जातो’ असंच सांगायची. कोटाच्या भिंती तिच्या आजीनेही पाहिल्या नसतील. बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, १८६०च्या दशकात, त्या पाडल्या. त्याआधी टाउन हॉलसमोर मोकळं मैदान होतं, बॉम्बे ग्रीन. तिथे एके काळी कापसाच्या गासड्या पडलेल्या असत आणि टाउन हॉलसमोरच्या वडाखाली शेअरदलाल जमत. त्या मैदानाभोवती गोलाकार इमारती बांधाव्यात ही कल्पना पोलीस कमिशनर चार्ल्स फोर्जेटची. प्लॉट पाडले, व्यापाऱ्यांना विकले आणि अट घातली की दर्शनी बाजू सगळ्यांची सारखी हवी, खाली सलग कमानींचा पडवीसारखा रस्ता हवा. १८७२ पर्यंत मधली बागही झाली. एल्फिन्स्टन सर्कल म्हणत तिला. स्वातंत्र्यानंतर ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचं नाव दिलं.

मला त्या सारख्या दर्शनी बाजूचं फार वाटतं. आत कोण काय करतो याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. बाहेरून मात्र प्रत्येक पेढी तितकीच भक्कम दिसायला हवी होती. जुन्या कोटातल्या चिंचोळ्या घरांतून उठून व्यापारी तिथे आले ते पत्त्यासाठी. कोटात पत्ता विकण्याचा धंदा तेव्हापासूनचा.

दुसरा मोठा प्रयोग बॅलार्ड इस्टेटचा. अलेक्झांड्रा डॉक खणताना निघालेल्या मातीचा भराव घालून पोर्ट ट्रस्टने २२ एकर जमीन केली आणि १९०८ ते १९१४ या काळात तिथे फक्त कचेऱ्यांसाठी वसाहत उभी केली. इमारती कशा दिसाव्यात हे जॉर्ज विटेटने ठरवून दिलं. हाच विटेट गेटवे ऑफ इंडियाचा. नाव पोर्ट ट्रस्टचे पहिले अध्यक्ष कर्नल बॅलार्ड यांचं. आमची इमारत त्याच दिवसांतली. दरवाजाच्या कमानीवर मधल्या दगडात १९०८ कोरलेलं आहे. तळाला कुर्ल्याचा काळा दगड, वर मालाडचा पिवळसर. चार मजले. प्रत्येक मजल्याची उंची १६ फूट. मधोमध उजेडाचा चौक, त्यामुळे आतल्या खोल्यांनाही वारा. बर्मा सागवानाचा जिना आणि चौकात नंतर बसवलेली जाळीची लिफ्ट, हाताने ओढायच्या दोन दरवाजांची. पूर्वेकडच्या खिडक्यांच्या काचा बाकीच्यांपेक्षा वेगळ्या होत्या. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला तेव्हा मूळच्या फुटल्या, असं जुने लिफ्टमन मामा सांगत.

आता भाडं.

पहिल्या महायुद्धात जागांची टंचाई झाली म्हणून १९१८ साली मुंबईत भाड्यावर पहिला अंकुश आला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा मुंबई भाडे कायदा आला. त्याने सप्टेंबर १९४० मध्ये जे भाडं होतं ते प्रमाण भाडं ठरवून गोठवलं. कायदा तात्पुरता होता. दर वेळी मुदत संपत आली की वाढवत गेले. पन्नास वर्षं वाढवला. हा कायदा झाला तेव्हा फाळणीचे निर्वासित शहरात येत होते आणि माणसं रस्त्यावर येऊ नयेत ही त्यामागची कळकळ खरी होती. चाळीतल्या एका खोलीत वाढलेला मी. त्या कायद्याने माझ्या घराचं छप्पर राखलं हे मी विसरू शकत नाही. पण तोच कायदा जहाज कंपनीलाही लागू होता आणि विमा कंपनीलाही.

महिन्याच्या १ तारखेपासून १० तारखेपर्यंत मी पावतीबुक, कार्बन आणि रेव्हेन्यू स्टॅम्पांचा पत्रा घेऊन मजले चढायचो. दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीचं भाडं ११२ रुपये होतं. खोली मोठी, तीन खिडक्यांची. भाडोत्र्याने आत चार टेबलं पोटभाड्याने दिलेली: एक आयकराचा सल्लागार, एक कस्टम हाउसचा क्लिअरिंग एजंट, एक मोटार विम्याचा दलाल आणि एक नोटरी. एकेका टेबलाचे त्याला ११२ हून जास्त मिळत. हे सगळ्यांना ठाऊक होतं. तो मला चहा पाजायचा, मी पावती फाडून द्यायचो.

१६ फुटांच्या उंचीचंही तेच झालं. लाकडी पोटमाळा घातला की एका खोलीच्या दोन. मी लागलो तेव्हा इमारतीत १९ पोटमाळे होते, एकही मंजूर नव्हता. वर वाकून चालावं लागे. खाली दिवसा ट्यूबलाइट. खिडकी वरच्याच्या वाट्याला गेलेली असायची. ज्या उंचीमुळे वारा खेळावा म्हणून १९०८ साली कुणीतरी तेवढा दगड चढवला, ती उंचीच भाडोत्र्यांनी विकून टाकली. मी त्यांना दोष देत नाही. ज्याच्या हातात जे होतं ते त्याने विकलं. मालकाच्या हातात काहीच नव्हतं. भाडोत्री बदलला तर पागडी घ्यायची, तीही बेकायदा, टेबलाखालून. आणि १९७३ साली कायद्यात दुरुस्ती झाली: त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जो लिव्ह अँड लायसन्सवर जागेत होता त्यालाही भाडोत्र्याचं संरक्षण. त्यानंतर मालकांनी रिकामी खोली कुणाला देणंच थांबवलं. आमच्या चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या मी लागलो त्याआधीपासून कुलूपबंद होत्या. कबुतरं मात्र बिनभाड्याची राहत होती.

त्यातच पाटीवरची मोठी नावं गळू लागली होती. १९५६ साली आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं, २४५ विमा संस्था एका एलआयसीत गेल्या आणि त्यांच्या कोटातल्या इमारतीही तिच्याकडे गेल्या. १९७० च्या एप्रिलमध्ये मॅनेजिंग एजन्सीची पद्धत कायद्याने बंद झाली. ज्या पेढ्या एका मजल्यावरून गिरण्या, चहाचे मळे नि साखर कारखाने चालवत, त्यांचं कामच संपलं. आणि मग नरिमन पॉइंट. समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर १९७४ साली एअर इंडियाची २३ मजली इमारत उभी राहिली, तिच्या आजूबाजूला बाकीच्या. झपाट्याने चढणाऱ्या लिफ्ट, मध्यवर्ती एसी, गाड्या ठेवायला जागा. आमच्याकडे यातलं एकही नव्हतं. पहिल्या मजल्यावर जहाजांचा व्यवसाय करणारी एक मोठी कंपनी होती, ती तिकडे गेली. गेली म्हणजे साहेब नि टायपिस्ट गेले. जागा सोडली नाही. जुन्या भाड्याने पूर्ण मजला ताब्यात ठेवून त्यांनी तिथे रेकॉर्ड रूम केली. वीस वर्षं तिथे बांधलेल्या फायली नि वाळवी यांखेरीज काही नव्हतं. दर महिन्याला चेक पोस्टाने यायचा.

याच काळात मी अनेकदा वॉटसन हॉटेलच्या इमारतीत जायचो. काळा घोड्याजवळची ती, आता एस्प्लनेड मॅन्शन. आमच्या दाव्यांचे कागद घेऊन तिथल्या एका वकिलाच्या कॅबिनमध्ये जावं लागे. बिडाच्या लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून, जहाजाने आणून इथे जोडला आणि १८७१ साली हॉटेल उघडलं. ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंची चलच्चित्रं देशात पहिल्यांदा तिथेच दाखवली. १९६०च्या दशकात हॉटेल बंद पडल्यावर आतल्या भागाच्या लहान लहान खोल्या पाडून भाड्याने दिल्या. जिना चढताना हात लोखंडी खांबाला लागला की गंजाचे पापुद्रे तळव्याला चिकटत. २००५ साली तिच्या गॅलरीचा भाग कोसळला, एक माणूस गेला. दुसऱ्या दिवशी शेठांनी वर्तमानपत्राचं पान माझ्या टेबलावर ठेवलं, एक शब्द न बोलता. आमच्या मागच्या बाजूच्या दोन तुळयांना मी स्वतः टेकू लावून घेतले होते. ते दोघांनाही आठवलं.

पण तोवर आमच्याकडे वारं फिरलं होतं, ते १९९७ च्या डिसेंबरपासून. सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं की १९४० चं भाडं इतकी वर्षं गोठवून ठेवणं आता वाजवी उरलेलं नाही. कायदा रद्द केला नाही, कारण त्याची मुदत संपतच आली होती आणि सरकार नवा आणणार होतं. नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्यात पागडी उघड झाली, भाडं वर्षाला ४ टक्के वाढवायला परवानगी मिळाली. या दोन गोष्टींची वर्तमानपत्रांत खूप चर्चा झाली. कोटाचं नशीब मात्र तिसऱ्या कलमातल्या एका पोटकलमाने पालटलं. बँका, सार्वजनिक उपक्रम, परदेशी वकिलाती, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि ज्यांचं भरणा झालेलं भांडवल १ कोटी किंवा त्याहून जास्त आहे अशा कंपन्या, यांना भाडे कायद्याचं संरक्षण राहिलं नाही.

ते वाचून शेठांनी मला बोलावलं आणि पाटीवरच्या सगळ्या नावांची यादी करायला सांगितली. मग पंधरा दिवस मी मरीन ड्राइव्हवरच्या एव्हरेस्ट इमारतीत, कंपनी निबंधकाच्या कार्यालयात, फी भरून फायली काढत बसलो. प्रत्येक कंपनीच्या ताळेबंदात भागभांडवलाची ओळ शोधायची आणि आकडा वहीत उतरवायचा. ४७ नावांतली २३ तर कंपन्याच नव्हत्या. माणसं होती किंवा भागीदारीच्या पेढ्या. कंपन्यांपैकी नऊ जणांचं भांडवल कोटीच्या वर निघालं. त्या नऊ नावांपुढे मी लाल पेन्सिलीने खूण केली. इमारत वर काढण्याचा पहिला नकाशा म्हणजे ती वही. आर्किटेक्ट नंतर आल्या.

नऊ जणांना १५ दिवसांच्या नोटिसा गेल्या. दोघांनी बसून नवं भाडं ठरवलं. तिघं धोबीतलावला लघुवाद न्यायालयात वर्षानुवर्षं लढले. रेकॉर्ड रूमवाल्या कंपनीने सहा महिन्यांत किल्ल्या आणून दिल्या. दुसरीकडे दुप्पट भाडं भरणाऱ्याला वाळवी लागलेल्या फायलींसाठी बाजारभाव द्यायचा नव्हता. अशा रीतीने पहिला मजला सलग मोकळा झाला, कितीतरी दशकांनी पहिल्यांदा.

आमच्या आर्किटेक्टबाई लहान हातोडी घेऊन आल्या. भिंतीवर ठोकून, कान लावून, खडूने वर्तुळं काढत गेल्या. १९८६ साली गळती थांबावी म्हणून आम्ही एका ठेकेदाराकडून मालाडच्या दगडावर सिमेंटचा गिलावा मारून घेतला होता. तेव्हा मला ते काम पक्कं वाटलं होतं. देखरेख माझीच होती. बाईंनी एका जागी सिमेंट छिन्नीने उचकटलं तर त्याच्या पाठीला चिकटून दगडाचा बोटभर जाड पापुद्रा आला, ओल्या बिस्किटासारखा. दगड श्वास घेतो, आत गेलेलं पाणी त्याला बाहेर टाकायचं असतं, सिमेंटने ते कोंडलं, असं त्यांनी मला उभ्या उभ्या समजावून सांगितलं. पुढे सगळं सिमेंट काढून चुना, सुरखी नि गुळाचं पाणी असा गिलावा झाला. ते काम जाणणारे गवंडी शोधायला दोन महिने लागले.

मग पहिल्या मजल्यावरचं प्लायवुडचं खोटं छत उतरवलं. मी मुद्दाम जाऊन उभा राहिलो होतो. आधी धूळ, मग कबुतरांची घरटी, मग एका तावदानावर डकवलेल्या काळ्या कागदाचे तुकडे, १९७१ च्या युद्धातल्या ब्लॅकआउटचे. धूळ बसल्यावर वर पाहिलं. लोखंडी तुळयांची ओळ आणि दर दोन तुळयांच्या मध्ये विटांची उथळ कमान, अशा एकापुढे एक चौदा कमानी, खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुळईच्या पोटात उठावाची इंग्रजी अक्षरं होती: डॉर्मन लाँग, मिडल्सबरो. २२ वर्षं मी या छताखाली पावत्या फाडल्या आणि ते मला ठाऊक नव्हतं.

बाई म्हणाल्या, रंग देऊ नका, फक्त पुसा. पुढे हेच छत पाहून पहिली बडी भाडोत्री आली, एक वकिली कंपनी. हायकोर्ट चालत दहा मिनिटांवर आणि डोक्यावर या कमानी, एवढंच त्यांना हवं होतं. उंची, जाड भिंतीचा गारवा, चौकातला उजेड, पत्ता: जे त्यांनी एवढं भाडं मोजून घेतलं ते सगळं १९०८ सालीच बांधून ठेवलेलं होतं. आम्ही घातलं ते थोडं. विजेचा लोड वाढवून घेतला, गच्चीत जनरेटर, प्रत्येक मजल्याला स्वतःचं स्वच्छतागृह, आगीसाठी पाण्याची उभी लाइन. लिफ्टचा चौक रुंद करता येईना, म्हणून जाळीची लिफ्ट तशीच ठेवून मोटार नि दोर बदलले. बाकी सगळं काम काढून टाकण्याचं होतं: पोटमाळे, खोट्या भिंती, गॅलरीत कोंबलेल्या कॅबिनी, बाहेर लोंबणाऱ्या वायरी.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती कुणी कबूल करत नाही. गोठलेल्या भाड्याने या इमारतीची दुर्दशा केली हे खरं. पण त्यानेच ती वाचवलीही. १९७०–८०च्या दशकांत आमच्या ट्रस्टकडे, म्हणजे इमारतीच्या मालकाकडे, पैसा असता तर ती पाडून काँक्रीटचा ठोकळा उभा केला असता. तसे बेत मी जुन्या फायलींत पाहिले आहेत. भाडोत्री हलत नव्हते म्हणून पाडता आलं नाही, पैसा नव्हता म्हणून ‘सुधारता’ आलं नाही. मग १९९५ साली मुंबईला वारसा नियमावली आली आणि पाडण्याचा प्रश्नच मिटला. ११२ रुपयांच्या पावत्यांनी त्या चौदा कमानी जपल्या.

कोटाचा भावही त्याच सुमारास वधारला. दादाभाई नौरोजी रोडवर आभा नारायण लांबा यांनी दुकानदारांना एकत्र करून पाट्या कमानींच्या आत बसवायला लावल्या. इतकी वर्षं झाकलेले दगडी चेहरे रस्त्याला दिसू लागले आणि २००४ साली युनेस्कोने त्या कामाचा गौरव केला. हॉर्निमन सर्कलला २०११ साली एर्मेसचं दुकान आलं. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये स्टारबक्सने देशातलं पहिलं कॉफीगृह उघडलं. तिथे रांग लागली त्या दिवशी मी आमच्या दारातून पाहत होतो. उलट नरिमन पॉइंट ओसरत होता. १९९५ च्या सुमारास जगातल्या सर्वांत महाग कचेऱ्यांत ज्याचं नाव घेत, तिथल्या कंपन्या बांद्रा-कुर्ला संकुलाकडे निघाल्या होत्या. ज्या इमारतींनी आमचे भाडोत्री पळवले त्यांनाच पुढे वर काढायची पाळी आली. २०१४ साली एक्स्प्रेस टॉवर्स ब्लॅकस्टोन आणि पुण्याच्या पंचशीलने घेतली. एअर इंडियाची इमारत शेवटी १६०१ कोटींना राज्य सरकारने घेतली.

भाड्याची भाषाच बदलली. पूर्वी खोलीवर भाडं होतं, आता चौरस फुटावर. कार्पेट किती, लोडिंग किती, लॉक-इन किती वर्षांचं, तीन वर्षांनी १५ टक्के वाढ, फिट-आउटचे किती महिने भाडं माफ. करार नोंदणीकृत. माझं पावतीबुक कपाटात गेलं, पैसे बँकेत परस्पर येऊ लागले.

राहिले ते लहान भाडोत्री. त्यांना कायद्याचं संरक्षण होतं, त्यामुळे त्यांना काढता येत नव्हतं. जागा सोडण्याचे पैसे द्यावे लागत. पूर्वी भाडोत्री मालकाला पागडी द्यायचा, आता मालक भाडोत्र्याला देऊ लागला. बहुतेकांनी आनंदाने घेतले. कुणी वाशीला ऑफिस केलं, कुणी मुलाला फ्लॅट घेऊन दिला. म्हातारपणी हाताशी रक्कम आली, यात वाईट काय? मी त्यांचे कागद केले, त्यांच्या घरचे पेढे खाल्ले.

शिक्केवाले काकांचं मात्र तसं झालं नाही. दुसऱ्या मजल्यावर टंकलेखनाचा एक क्लास होता. दारातून आत शिरताच उजवीकडे एका टेबलावर ते रबरी शिक्के बनवत. मूळचे राजापूरकडचे. अर्ध्या कोटाच्या कचेऱ्यांचे शिक्के त्यांच्या हातचे. माझा ‘भाडे पोचले’ हा शिक्काही त्यांनीच कापून दिलेला. टेबलाचं भाडं ते क्लासवाल्याला देत, रोखीने, पावतीशिवाय. १९८४ साली त्यांनी मला विचारलं, ‘भाऊ, माझं नाव पाटीवर लागेल का हो? गिऱ्हाईक खालूनच परत जातं.’ एक पट्टी रिकामी होती. मी पेंटरला बोलावून नाव घालून दिलं.

२००६ साली क्लासवाल्याशी बोलणी झाली. ट्रस्टच्या वकिलांनी एक दिवस ती पाटी पाहिली आणि मला विचारलं, हे शिक्केवाले कोण, यांची पावती कुठे आहे. पावती नव्हती. पाटीवरचं नाव उद्या कोर्टात कब्ज्याचा पुरावा ठरू शकेल, ते म्हणाले, आजच काढा. मी कुलूप उघडलं, पट्टी सरकवून बाहेर काढली. वर जाऊन काकांना दिली. त्यांनी ती हातातल्या फडक्याने पुसली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि शिक्क्यांच्या खोक्यात उभी ठेवली. ‘बरं झालं तुम्हीच आणून दिलीत,’ एवढंच बोलले. क्लासवाला पैसे घेऊन मुलांकडे गेला. काकांच्या हातावर त्याने काय ठेवलं ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. २२ वर्षं ते तिथे बसले होते. कायद्याच्या हिशेबी ते तिथे नव्हतेच, कारण माझ्या पावतीबुकात त्यांचं नाव नव्हतं. तळमजल्याच्या कमानीखाली एक टेबल मावलं असतं. तसं मी शेठांना सुचवायला हवं होतं. सुचवलं असतं तर ते नाही म्हणाले नसते असं मला आजही वाटतं. मी गप्प राहिलो.

२००९ साली पाटी उतरवली. ठेकेदाराची माणसं चौकट भंगारात टाकणार होती. ती मी सोडवू शकलो नाही, पट्ट्या मात्र पिशवीत भरून डोंबिवलीला घरी आणल्या. मधूनमधून काढून पुसतो. पेंटर पैसे वाचवायला जुनी पट्टी उलटी करून मागच्या बाजूला नवं नाव घालायचा, हे मला घरी आणल्यावर कळलं. आयकर सल्लागाराच्या मागे एका कापूस दलालाची पेढी आहे. नोटरीच्या मागे एक विमा कंपनी, १९५६ च्या आधीची. एका पट्टीवर तिरप्या उजेडात धरली की खरवडलेल्या रंगाखाली तिसरंही नाव दिसतं, कुणा गोऱ्याचं, शेवटी ‘अँड सन्स’ एवढंच वाचता येतं. सगळ्या मिळून ४६ आहेत.